लॉरेन हॅरिस यांचे हिमपर्वत: भूगोलाचे की थिऑसफीचे?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

लॉरेन हॅरिस (१८८५–१९७०) या कॅनेडियन निसर्गचित्रकाराविषयी जे काही लिहिले जाते, त्यात एक सूत्र ठरून गेलेले दिसते. त्यांनी थिऑसफीचा, म्हणजे सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गूढ सत्य आहे असे मानणाऱ्या ब्रह्मविद्येचा, अभ्यास केला, तिथे त्यांना रंगांचे आणि आकारांचे आध्यात्मिक अर्थ सापडले, आणि त्यातून ते निळे-पांढरे, निर्मनुष्य, आकाशात घुसणारे पर्वत जन्माला आले, असे ते सूत्र आहे. माझा या मांडणीला आक्षेप आहे.

हॅरिस १९२१ च्या शरद ऋतूत ए. वाय. जॅक्सन या चित्रकार मित्रासोबत लेक सुपीरियर या विशाल सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर प्रथम गेले. तो प्रदेश काही वर्षांपूर्वी वणव्यात जळून गेलेला होता, त्यामुळे जंगलाचा पडदा दूर होऊन टेकड्यांची हाडे उघडी पडली होती. हॅरिस यांची शैली बदलली ती तिथे. थिऑसॉफिकल सोसायटीचे औपचारिक सभासदत्व त्यांनी घेतले ते या सफरीनंतर. म्हणजे चित्र आधी आले आणि त्याचे स्पष्टीकरण देणारी भाषा मागाहून आली, असे मला वाटते. त्यांच्यावरच्या प्रभावांमध्ये निर्णायक कोणता, याविषयी जाणकारांनी लिहावे. कॅनडात राहणाऱ्या सभासदांनी मूळ चित्रे पाहिली असतील, तर त्यांचे निरीक्षण अवश्य सांगावे.

टोरांटोकर

विषय काढल्याबद्दल आभार. चर्चेआधी चरित्राचा सांगाडा समोर असावा म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

हॅरिस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८५ रोजी ऑन्टारिओतल्या ब्रॅन्टफर्ड येथे झाला. घराण्याचा शेतीची यंत्रे बनवण्याचा कारखाना होता आणि १८९१ मध्ये तो मॅसी यांच्या कंपनीत विलीन होऊन मॅसी-हॅरिस ही प्रचंड कंपनी तयार झाली. वडील १८९४ मध्ये वारले, मुले लहान होती, आई त्यांना घेऊन टोरांटोला आली. या पैशाचा उल्लेख अनेक लेखक संकोचाने करतात, पण तो समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. हॅरिस यांना चित्र विकून पोट भरायचे नव्हते. त्यांचे मित्र जे. ई. एच. मॅकडोनाल्ड, लिस्मर, व्हार्ली, कारमायकेल हे सगळे व्यावसायिक छपाईच्या कलाविभागात नोकरी करून उरलेल्या वेळात रंगवत होते.

१९०४ पासून तीनेक वर्षे हॅरिस बर्लिनमध्ये शिकले. फ्रान्झ स्कार्बिना, ॲडॉल्फ श्लाबिट्झ आणि फ्रिट्झ फॉन विले हे त्यांचे शिक्षक. परत आल्यावर १९०८ मध्ये टोरांटोच्या आर्ट्स अँड लेटर्स क्लबच्या संस्थापक सभासदांत ते होते आणि १९११ मध्ये त्याच क्लबात मॅकडोनाल्ड यांची रेखाटने पाहून त्यांची ओळख झाली. १९१४ मध्ये डॉ. जेम्स मॅकॅलम या नेत्रतज्ज्ञांच्या सोबतीने हॅरिस यांनी रोझडेलच्या घळीजवळ चित्रकारांसाठी स्टुडिओ बिल्डिंग बांधली. खर्चाचा मोठा वाटा हॅरिस यांचा होता. इमारतीच्या मागच्या शेडमध्ये त्यांचे चित्रकार मित्र टॉम थॉमसन महिना एक डॉलर भाड्याने राहिले. पुढे १९२० मध्ये ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ हा या निसर्गचित्रकारांचा गट स्थापन झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात टोरांटोच्या कलादालनात त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. थॉमसन तोवर जिवंत नव्हते. १९१७ च्या जुलैत अल्गोन्क्विन पार्कमधल्या कॅनू लेकवर त्यांचा मृत्यू झाला होता.

निर्णायक प्रभावाविषयी माझे मत नंतर लिहितो.

नांगर

म्हणजे आमच्या शेतातला मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर याच घराण्याचा वंशज म्हणायचा! गेली कित्येक वर्षे मी एका चित्रकाराच्या कुटुंबाला डिझेल पाजतो आहे, याची कल्पना नव्हती.

टोरांटोकर

नांगर, नाते खरे आहे. मॅसी-हॅरिस कंपनी १९५३ मध्ये हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीशी जोडली गेली आणि काही वर्षांनी नावातून हॅरिस गळून पडले. गंमत अशी की, भारतात हे ट्रॅक्टर बनवणारी कंपनी चेन्नईची आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालयही चेन्नईतल्या अड्यारलाच आहे. हॅरिस यांच्या आयुष्यातले पैसा आणि परमार्थ हे दोन्ही धागे योगायोगाने एकाच शहरात येऊन पोहोचले.

ब्रह्मविद्या_वाचक

धागाकर्त्यांनी सभासदत्वाच्या तारखेवर जो भर दिला आहे, तो मला पटत नाही. एखाद्या माणसाने वर्गणी कधी भरली, यावरून त्याच्या मनात विचार कधी शिरला, हे ठरत नाही. हॅरिस जर्मनीत असताना पॉल थीम या चित्रकाराच्या सहवासात आले होते आणि रूढ ख्रिस्ती धर्माबाहेरच्या विचारांची ओळख त्यांना तिथेच झाली. त्यांची आई पुढे ख्रिश्चन सायन्स पंथाकडे वळली, म्हणजे घरातही चाकोरीबाहेरच्या श्रद्धेला मज्जाव नव्हता. आर्ट्स अँड लेटर्स क्लबात रॉय मिचेल हे नाट्यदिग्दर्शक पक्के थिऑसॉफिस्ट होते. टोरांटोची शाखा तर १८९१ पासून चालू होती. १९२१ मध्ये सुपीरियरच्या काठावर उभे राहणारे हॅरिस कोऱ्या मनाने तिथे गेले होते, असे म्हणता येणार नाही.

आपल्या वाचकांना हा विषय परका वाटू नये म्हणून सांगतो. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली ही संस्था १८७९ मध्ये भारतात आली ती प्रथम मुंबईत. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट या संस्थापकांचा मुक्काम गिरगावात होता आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक त्याच वर्षी मुंबईतून सुरू झाले. अड्यारला मुख्यालय हलले ते १८८२ मध्ये. ज्या ॲनी बेझंट आपल्याला टिळकांच्या बरोबरीने होमरूलच्या चळवळीमुळे ठाऊक आहेत, त्यांनीच लेडबीटर या थिऑसॉफिस्ट सहकाऱ्यासह विचारांचे आणि भावनांचे रंग सांगणारे सचित्र पुस्तक लिहिले होते. त्यात पिवळा रंग बुद्धीचा आणि निळा रंग भक्तिभावाचा मानला आहे. हॅरिस यांच्या १९२० नंतरच्या चित्रांत निळ्या डोंगरांवर पिवळसर प्रकाश उतरतो, तेव्हा या पुस्तकाची आठवण न होणे कठीण आहे.

खडू

हॅरिस यांची बर्फाची चित्रे नेटवर पाहता पाहता पंख्याचा वेग कमी केला. बाकी चर्चा वाचतो आहे.

रंगसावली

मी स्वतः तैलरंगात काम करते, त्यामुळे मला या वादात रंगाच्या थराकडे पाहावेसे वाटते.

दोन्ही बाजूंनी एक महत्त्वाचा प्रसंग सुटला आहे. जानेवारी १९१३ मध्ये हॅरिस आणि मॅकडोनाल्ड हे दोघे अमेरिकेतल्या बफेलो शहरी ऑलब्राइट गॅलरीत भरलेले स्कँडिनेव्हियन चित्रांचे प्रदर्शन पाहायला गेले होते. तिथे हॅराल्ड सोलबर्ग, गुस्टाफ फ्येस्टाड अशा उत्तरेकडच्या चित्रकारांचे बर्फ, पाइनची झाडे आणि गोठलेले ओढे त्यांनी पाहिले. युरोपातल्या उबदार, धुकट निसर्गचित्रांची परंपरा कॅनडाच्या प्रखर थंडीला लागू पडत नव्हती, आणि आपल्यासारखाच प्रदेश आपल्या आधी कुणीतरी समर्थपणे रंगवला आहे, हे त्या दोघांना तिथे दिसले. हॅरिस यांचे १९१५ चे ‘स्नो टू’ हे चित्र पाहा. बर्फाने लगडलेल्या फांद्यांची सपाट, नक्षीसारखी रचना आहे आणि रंग जाड, तुटक फटकाऱ्यांत ठेवलेला आहे. हे थेट फ्येस्टाड यांच्या वळणाचे काम आहे.

आता १९२२ च्या सुमाराचे ‘अबव्ह लेक सुपीरियर’ पाहा. पुढे पालवी नसलेले, सालपटे गेलेले पांढरट बुंधे उभे आहेत, खाली बर्फ आहे, मागे जवळजवळ त्रिकोणी असा गडद डोंगर आणि वर ढगांचे आडवे पट्टे. इथे फटकारा जवळपास दिसेनासा झाला आहे, रंग घोटून गुळगुळीत केला आहे आणि प्रत्येक आकाराची कड स्पष्ट आहे. सात वर्षांत एका चित्रकाराचा हात इतका बदलतो, तेव्हा केवळ डोळ्यांपुढचा डोंगर बदलला म्हणून तो बदलत नाही. काय टाळायचे, याचा निर्णय आधी झालेला असतो.

कोयनाकाठ

रंगसावली, आपला प्रतिसाद फार उपयुक्त आहे, पण त्यातून माझेच म्हणणे पुढे जाते असे मला वाटते. १९१८ ते १९२१ या काळात हॅरिस आणि त्यांचे मित्र ऑन्टारिओतल्या अल्गोमाच्या जंगलात जात होते. ते जंगल दाट, गुंतागुंतीचे, शरद ऋतूत लाल-केशरी रंगांनी पेटलेले असे होते आणि तिथली चित्रे तशीच दाट आणि जाड रंगाची झाली. सुपीरियरचा किनारा उघडा होता, तिथली चित्रे उघडी झाली. प्रदेश बदलताच हात बदलला. आणि हॅरिस यांना तो प्रदेश इतका भावला की १९२८ पर्यंत ते जवळजवळ दर शरद ऋतूत तिथे परत जात राहिले.

मोडीवाचक

भूगोल आणि थिऑसफी यांच्या ओढाताणीत १९१७-१८ ही वर्षे वगळली जाऊ नयेत. पहिले महायुद्ध चालू होते आणि हॅरिस १९१६ मध्ये सैन्यात दाखल होऊन ऑन्टारिओतल्याच कॅम्प बोर्डनमध्ये बंदूकबाजीचे प्रशिक्षण देत होते. १९१७ च्या जुलैत थॉमसन गेले. १९१८ च्या फेब्रुवारीत हॅरिस यांचा एकुलता भाऊ हॉवर्ड आघाडीवर मारला गेला. त्यानंतर हॅरिस यांची मनःस्थिती पूर्ण ढासळली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना सैन्यातून मुक्त करण्यात आले. सावरण्यासाठी ते डॉ. मॅकॅलम यांच्यासोबत उत्तरेकडे गेले आणि अल्गोमाचा शोध तिथूनच लागला.

ज्याच्या जवळची दोन माणसे वर्षाच्या आत गेली आणि ज्याचा स्वतःचा मानसिक तोल गेला, तो मृत्यूपलीकडच्या सातत्याचा विचार सांगणाऱ्या तत्त्वज्ञानाकडे वळतो, यात नवल नाही. निर्जन प्रदेशाकडे तो त्याच कारणाने वळला असेल. मग यातला एक प्रभाव आणि दुसरा परिणाम, असे कसे ठरवायचे? मला तर दोन्ही गोष्टी एकाच दुःखातून निघालेल्या दिसतात.

नांगर

मोडीवाचक, हे पटले. अल्गोमाला ते राहत कुठे होते? तंबूत?

टोरांटोकर

रेल्वेच्या डब्यात. अल्गोमा सेंट्रल रेल्वेचा मालवाहू डबा त्यांनी राहण्याजोगा करून घेतला होता. त्यात झोपण्याच्या फळ्या आणि शेगडी होती. मालगाडी तो डबा ओढून नेऊन ठरलेल्या ठिकाणी बाजूच्या रुळावर सोडून देई, मग चित्रकार हातगाडीने किंवा कॅनूने आसपास फिरून रेखाटने करत. १९१८ च्या सप्टेंबरातल्या सफरीत हॅरिस, मॅकडोनाल्ड, फ्रँक जॉन्स्टन आणि डॉ. मॅकॅलम होते. बाहेर करायची रेखाटने सुमारे सव्वादहा बाय साडेतेरा इंचांच्या लाकडी फळ्यांवर होत, आणि त्यांतली निवडक पुढे हिवाळ्यात टोरांटोच्या स्टुडिओत मोठ्या कॅनव्हासवर चढत. ही दोन टप्प्यांची पद्धत लक्षात ठेवावी, कारण कोयनाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या दोन टप्प्यांच्या मधल्या महिन्यांत दडलेले आहे.

कातळशिल्प

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत ‘निर्जन’, ‘निर्मनुष्य’ हे शब्द वस्तुस्थिती म्हणून वापरले गेले आहेत. त्यावर मला हरकत घ्यावीशी वाटते. सुपीरियरचा उत्तर किनारा निर्मनुष्य नव्हता. तो अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांचा प्रदेश होता आणि आजही आहे. शिवाय हॅरिस तिथे पोहोचले ते कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने. किनाऱ्यावर कोल्डवेलसारखी मासेमारीची वस्ती होती. तिथले बर्फघर त्यांनी रंगवलेसुद्धा आहे, पण पर्वतांच्या मोठ्या चित्रांत यातले काहीच उरत नाही.

मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की हॅरिस यांना माणसे रंगवता येत नव्हती किंवा गरिबी दिसत नव्हती असे नाही. टोरांटोच्या ‘वॉर्ड’ या स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीची, पडक्या घरांची त्यांनी १९१० च्या दशकात कितीतरी चित्रे काढली. १९२१ मध्ये ते नोव्हा स्कॉशियात गेले आणि हॅलिफॅक्सच्या कामगार चाळीचे ‘एलेव्हेटर कोर्ट’ त्यांनी रंगवले. १९२५ च्या सुमाराचे ‘मायनर्स हाउसेस, ग्लेस बे’ हे खाणकामगारांच्या घरांचे चित्र पाहा. अरुंद, उंच, काळपट घरे ओळीने शवपेट्यांसारखी उभी आहेत. हे सगळे करू शकणारा चित्रकार १९२६ नंतर मानवी वस्तीकडे जवळपास पाठ फिरवतो. कोयनाकाठ याला भूगोल म्हणतील, ब्रह्मविद्या_वाचक याला अध्यात्म म्हणतील. मला यात एका श्रीमंत माणसाने स्वतःला दिलेली सुट्टी दिसते.

ब्रह्मविद्या_वाचक

कातळशिल्प यांची टीका कठोर आहे, पण अनिशिनाबे लोकांविषयीचा मुद्दा मान्य करावाच लागेल. आज कॅनडातल्या संग्रहालयांतही हा प्रश्न उघडपणे विचारला जातो.

सुट्टीविषयी मात्र वेगळे सांगावेसे वाटते. १९२६ मध्ये ‘द कॅनेडियन थिऑसॉफिस्ट’ या नियतकालिकात हॅरिस यांनी कॅनडातल्या कलेवर लेख लिहिला. त्यात उत्तर दिशा त्यांच्या दृष्टीने केवळ थंड प्रदेश नाही. तिथून एक शुद्ध करणारा प्रवाह या नव्या देशात सतत उतरत आहे आणि कलावंताने तो लोकांपर्यंत पोहोचवायचा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणजे माणसे चित्रातून गेली असली तरी चित्र माणसांसाठीच होते, निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे. ही श्रद्धा आज भाबडी किंवा राष्ट्रवादी वाटेल, पण तिला पलायन म्हणता येणार नाही.

कातळशिल्प

दुसऱ्याच्या भूमीत आपल्या राष्ट्राचा आत्मा सापडणे ही सोयीची श्रद्धा असते, एवढेच म्हणतो आणि थांबतो.

उत्तरवारा

मी कॅल्गरीला राहतो, त्यामुळे रॉकीज या पर्वतरांगांविषयी थोडे लिहू शकतो. हॅरिस १९२४ मध्ये जॅक्सन यांच्यासोबत जॅस्परला गेले आणि त्यानंतर अनेक उन्हाळे या पर्वतरांगांत आले. १९३० चे ‘माउंट लेफ्रॉय’ हे त्यांचे प्रसिद्ध चित्र मॅकमायकेल संग्रहालयात आहे. प्रत्यक्ष लेफ्रॉय शिखर अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्या सीमेवर आहे, उंची सुमारे ३,४०० मीटर. लेक लुईझवरून हिमनद्यांच्या बाजूने वर चालत गेले की ते जवळून दिसते. ते रुंद, थोराड, खांदे पसरून बसलेले शिखर आहे. काळ्या कड्यांवर बर्फाचे ठिगळ, खाली दगडगोट्यांचा ढीग आणि उन्हाळ्यात दर थोड्या वेळाने हिम कोसळल्याचा गडगडाट.

चित्रातले लेफ्रॉय तसे नाही. दीड मीटर रुंदीच्या त्या कॅनव्हासवर शिखर अरुंद आणि टोकदार होऊन वर झेपावते, दगडगोटे नाहीत, बर्फाला घडीव वळणे आली आहेत आणि टोकाभोवती ढगांनी जणू वाट मोकळी करून एक फिकट प्रकाशाचे वलय धरले आहे. या चित्राआधीची त्यांची रेखाटने उपलब्ध आहेत आणि त्यांत शिखर टप्प्याटप्प्याने उभट होत गेलेले दिसते. कोयनाकाठ, हा बदल कोणत्या भूगोलाने घडवला, हे आपण सांगावे.

खडू

कोयनाकाठ यांचा पर्वत पहिल्यांदाच हलला.

कोयनाकाठ

पर्वत जागेवरच आहे, खडू. हॅरिस यांनी पर्वताची जशीच्या तशी नक्कल केली, असे मी म्हटलेले नाही. उभट करण्याची, साधे करण्याची वृत्ती विसाव्या शतकाच्या त्या काळात सर्वत्र होती आणि तिला थिऑसफी लागत नव्हती. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात आधुनिक कलेचे जे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्यात हॅरिस यांचे काम होते, आणि ते प्रदर्शन १९२७ मध्ये टोरांटोला आणण्यात त्यांचाच पुढाकार होता. समकालीन अमूर्त कला त्यांनी डोळसपणे पाहिली होती.

ब्रह्मविद्या_वाचक

त्या प्रदर्शनात कँडिन्स्की होते, मोंद्रियान होते, आणि या दोन्ही अमूर्त चित्रकारांनी थिऑसफीचे वाचन केलेले होते. मोंद्रियान तर संस्थेचे सभासदच होते. आपण पुढच्या दाराने थिऑसफीला बाहेर काढता आणि ती मागच्या दाराने आत येते.

रंगसावली

हॅरिस यांनी इतरांवर जो प्रभाव टाकला, त्याकडूनही या प्रश्नाकडे पाहता येईल. १९२७ च्या नोव्हेंबरात एमिली कार या चित्रकार पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरियाहून पूर्वेकडे आल्या. ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात पश्चिम किनाऱ्याच्या कलेचे प्रदर्शन भरणार होते आणि त्यात त्यांची चित्रे होती. तेव्हा त्या ५५ वर्षांच्या होत्या, घरातल्या खोल्या भाड्याने देऊन गुजराण करत होत्या आणि चित्रकला जवळपास सुटलेली होती. टोरांटोला त्यांनी हॅरिस यांची चित्रे पाहिली आणि त्या हादरून गेल्या. त्यांच्या रोजनिशीत त्या भेटीची पाने आजही वाचनीय आहेत. हॅरिस यांनी त्यांना आपल्यातल्याच एक मानले, पुढे अनेक वर्षे पत्रे लिहिली, आणि आदिवासींच्या टोटेम या कोरीव लाकडी खांबांवर विसंबून न राहता त्याच तोलाचे काही जंगलातच शोधा, असे सुचवले. कार यांची जी जंगले आज आपण गौरवतो, ती त्यानंतरची आहेत.

कार यांनी थिऑसफी समजून घेण्याचा मनापासून प्रयत्न केला, पण १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच त्या ख्रिस्ती श्रद्धेकडे परतल्या. हॅरिस यांच्याकडून घेतलेली आकारांची घनता आणि लय मात्र त्यांच्या चित्रांत टिकली. म्हणजे तत्त्वज्ञान गळून पडले तरी चित्रपद्धती उरू शकते. कोयनाकाठ यांना हवा असलेला पुरावा मी त्यांच्या हाती देते आहे, तो त्यांनी जपून वापरावा.

मोडीवाचक

हिमालय रंगवणारे निकोलाय रोरिक यांच्याशी हॅरिस यांचा काही संबंध होता का? दोघांच्याही शिखरांत तोच घोटीव, स्वयंप्रकाशी भाव दिसतो. रोरिक यांचे घर कुलू खोऱ्यातल्या नग्गरला आहे आणि अनेक मराठी पर्यटक ते पाहून येतात.

ब्रह्मविद्या_वाचक

दोघांच्या विचारांचा उगम एकच म्हणता येईल. रोरिक यांच्या पत्नी हेलेना यांनी ब्लाव्हाट्स्की यांच्या मुख्य ग्रंथाचे रशियन भाषांतर केले होते. शिवाय एक दुवा आहे. हॅरिस १९३८ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे येथे गेले आणि तिथल्या ‘ट्रान्सेंडेंटल पेंटिंग ग्रुप’मध्ये सामील झाले. त्या गटाचे एक संस्थापक एमिल बिस्ट्राम यांनी पूर्वी न्यूयॉर्कच्या रोरिक संग्रहालयाच्या कलाशाळेत शिकवले होते.

नांगर

पण कॅनडाचा आत्मा शोधणारा माणूस अमेरिकेत का गेला?

टोरांटोकर

१९३४ मध्ये हॅरिस पहिल्या पत्नीपासून वेगळे झाले आणि त्यांनी बेस हाउसर यांच्याशी विवाह केला. बेस या स्वतः चित्रकार होत्या आणि त्यांचे आधीचे पती फ्रेड हाउसर हे हॅरिस यांचे शाळेपासूनचे मित्र आणि सहविचारी थिऑसॉफिस्ट होते. १९२६ मध्ये ग्रुपवरचे पहिले पुस्तक त्यांनीच लिहिले होते. त्या काळच्या टोरांटोत या प्रकरणाने खळबळ उडणे साहजिक होते, त्यामुळे नवदांपत्याने शहर सोडले. ते आधी न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हरला डार्टमथ कॉलेजच्या आश्रयाने राहिले, मग सांता फेला गेले. युद्ध सुरू झाल्यावर कॅनडातून पैसे बाहेर नेण्यावर निर्बंध आले, म्हणून १९४० मध्ये ते व्हँकूव्हरला परतले. १९७० च्या जानेवारीत हॅरिस यांचे निधन तिथेच झाले.

आता अमेरिकेआधीच्या एका प्रवासाविषयी लिहितो. १९३० मध्ये हॅरिस आणि जॅक्सन ‘बेओथिक’ या सरकारी पुरवठा जहाजातून आर्क्टिकमध्ये गेले. जहाज दूरच्या पोलीस ठाण्यांना रसद पोहोचवत होते, त्यामुळे चित्रकारांना किनाऱ्यावर फार वेळ मिळत नसे आणि बरीचशी रेखाटने धावत्या जहाजावरून झाली. त्यातून ‘आइसबर्ग्स, डेव्हिस स्ट्रेट’ आणि बायलट बेटावरचे ‘माउंट थूल’ ही चित्रे तयार झाली. हॅरिस यांच्या निसर्गचित्रांची ही शेवटची मोठी मालिका. यानंतर पाच-सहा वर्षांत ते पूर्णपणे अमूर्त कलेकडे गेले.

कोयनाकाठ

टोरांटोकर यांच्या शेवटच्या वाक्यावरच मी मूळ प्रश्नाकडे परत येतो. १९३६ नंतर हॅरिस यांच्याकडे थिऑसफी पूर्वीइतकीच होती, किंबहुना समविचारी मंडळींच्या सहवासात ती वाढलेली होती. वेळ होता, पैसा होता, हाताचे कौशल्य होते. नव्हता तो फक्त सुपीरियरचा किनारा. त्यानंतर तीस वर्षे त्यांनी जी अमूर्त चित्रे काढली, ती किती लोकांच्या लक्षात आहेत? २०१६ मध्ये टोरांटोच्या लिलावात एक कोटी १२ लाख कॅनेडियन डॉलरांना गेले ते १९२६ चे ‘माउंटन फॉर्म्स’. अभिनेते स्टीव्ह मार्टिन यांनी २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला हॅरिस यांचे जे प्रदर्शन मांडले, त्याचा गाभाही उत्तरेची निसर्गचित्रे हाच होता. तत्त्वज्ञान हा निर्णायक प्रभाव असता, तर त्याचे उत्तम फळ ते तत्त्वज्ञान सर्वांत शुद्ध रूपात असताना दिसायला हवे होते.

रंगसावली

लिलावातली किंमत हा कलेचा पुरावा होत नाही, आणि हॅरिस यांची अमूर्त चित्रे दुबळी आहेत, हेही मला मान्य नाही. १९५० च्या आसपासची त्यांची काही चित्रे मोकळ्या, उसळत्या रेषांची आहेत आणि त्यांत पर्वतांतला ताठरपणा सुटलेला आहे. ती पाहिलीच जात नाहीत, कारण ‘कॅनडाचा चित्रकार’ या पाटीत ती बसत नाहीत.

टोरांटोकर

माझे मत नंतर लिहीन म्हटले होते, ते आता लिहितो. १९२६ च्या ‘नॉर्थ शोअर, लेक सुपीरियर’ या चित्राचे उदाहरण घेऊ. ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात ते मी अनेकदा पाहिले आहे. मधोमध एका वाळलेल्या झाडाचा प्रचंड खुंट उभा आहे, त्यावर सोनेरी प्रकाश पडलेला आहे, आणि मागे केवळ पाणी आणि आकाश. जॅक्सन यांनी सांगितल्याप्रमाणे तो खुंट प्रत्यक्षात आजूबाजूच्या झुडपांत जवळजवळ हरवलेला होता. हॅरिस यांनी झुडपे काढून टाकली आणि खुंटाला मागे विस्तीर्ण सरोवर दिले.

खुंट शोधायला सुपीरियरला जावे लागले, यात कोयनाकाठ बरोबर आहेत, कारण असा खुंट कोणी कल्पनेने उभा करू शकत नाही. त्यावरच्या भेगा, झिजलेली कड, वाऱ्याने पिळवटलेला माथा हे सगळे पाहिलेले आहे. झुडपे काढण्याचा निर्णय मात्र टोरांटोच्या स्टुडिओत झाला, आणि त्या निर्णयामागे बफेलोचे प्रदर्शन, भावाचा मृत्यू, थिऑसफीचे वाचन आणि मोडीवाचक म्हणाले ते आजारपण, असे सगळेच उभे होते. कातळशिल्प यांचा प्रश्नही इथेच लागू होतो, कारण काढून टाकण्याची सवय एकदा लागली की झुडपांबरोबर माणसेही जातात. मला विचाराल तर हॅरिस यांचे सामर्थ्य आणि मर्यादा एकाच सवयीतून आलेल्या आहेत.

कातळशिल्प

हे मान्य आहे. सुट्टी हा शब्द मी मागे घेत नाही, पण ती रिकामी सुट्टी नव्हती, एवढे नक्की.

ब्रह्मविद्या_वाचक

टोरांटोकर, ‘सवय’ म्हणण्याऐवजी ‘साधना’ म्हटले असते तर माझी काहीच तक्रार उरली नसती.

कोयनाकाठ

आणि माझी सुरू झाली असती. रंगसावली, १९५० च्या सुमाराच्या त्या अमूर्त चित्रांपैकी आपण कोणती आधी पाहायला सांगाल, तेवढे लिहावे. व्हँकूव्हरच्या कलादालनात त्यांपैकी काही आहेत का, हे तिथल्या सभासदांनी कळवावे.